अर्जुनाला दावत

१

लोह्याच्या बाजारात गुलाम रसूल अत्तारांच्या दुकानात शिरलं की आधी शिंक येते, मग दुकानदार दिसतो. सुंठ, बावची, गुग्गुळ, नागरमोथा अशा पोत्यांच्या मधोमध एक लाकडी गल्ला आणि त्याच्यामागं पांढऱ्या टोपीतले रसूलभाई. आजोबांपासूनचं दुकान. गिऱ्हाईक येऊन "छातीत धडधडतंय" म्हणालं, की ते आधी त्याला सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवत आणि मग अर्जुनाच्या सालीची पुडी बांधत. दोन्ही केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

अर्जुन हे त्यांचं लाडकं झाड. त्याच्याविषयी बोलायला लागले की समोरचा चहा गार होई. "पाण्यात पाय आन् उन्हात डोकं, असं त्याचं राहणं," ते सांगत. "वढ्याकाठी बघा. खोड गुळगुळीत, राखाडी, मधीच गुलाबी-हिरवट. दर उन्हाळ्यात जुनी साल पापुद्र्यानं टाकून देतंय, आतून नवी येती. पान पेरूच्या पानावाणी, पण बुडाशी देठाला लागून दोन बारीक गाठी असतात. त्या बोटाला लागल्या की समजायचं, अर्जुन. वैशाखात फुलतंय, मधाचा वास सुटतोय. फळाला पाच पंख." हाड मोडलं तर सालीचं चूर्ण दूध-तुपातून, कान ठणकला तर पानांचा रस, तोंडावर वांग आले तर मधातून लेप, आणि काळजासाठी साल दूध-पाण्यात घालून पाणी आटेपर्यंत उकळायची. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी काळी साल अर्जुनाची म्हणून खपवणाऱ्यांची नावं घेऊन ते शिव्या देत. तेवढ्यापुरते त्यांच्या तोंडून अपशब्द निघत.

साल ते स्वतः काढून आणत, सटवाजीच्या शेतातल्या ओढ्यावरच्या एकाच जुन्या झाडाची. दुकानाच्या पोत्यासाठी असेल तर नुसते जाऊन काढत. पण घरच्या माणसासाठी काढायची असली की रीत वेगळी होती. आदल्या संध्याकाळी झाडाला दावत द्यायची. मुळाशी खडीसाखर आणि इलायची ठेवायची, खोडावर तळवा टेकायचा आणि दुखणेकऱ्याचं नाव सांगून म्हणायचं, चल आमच्याकडं, उद्या सकाळी न्यायला येतो. घराचा पत्तासुद्धा सांगायचा. सटवाजीला याचं नवल नव्हतं. "आमच्यात आवतण म्हणत्यात," एवढंच तो म्हणे.

दुसऱ्या दिवशी उठल्यापासून साल पिशवीत पडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. घरातून निघताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, मागं बघायचं नाही. उगवतीकडची साल काढायची, तीही तळहाताएवढीच, आणि आतला थर राखायचा म्हणजे झाड भरून येतं. फोन बंद ठेवायचा, हा नियम रसूलभाईंनी स्वतः घातलेला. वडिलांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. पाहुण्याला बोलावलं तर न्यायला जायचं, त्याला एकट्यानं यायला लावायचं नाही. का, ते सांगितलं नव्हतं. वडिलांना 'का' विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

त्या थंडीत दावत दिली ती फरीदासाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. दिवाळीपासून तिला धाप लागत होती. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजे आणि सोडताना शेवटी बारीक आचका बसे, हुंदका आवरावा तसा. घरात कुठंही असली तरी त्या आवाजावरून त्यांना ती कुठं आहे ते कळायचं. तळवा खोडाला टेकवून रसूलभाई म्हणाले, "फरीदाच्या काळजासाठी चल. सराफ्यामागची गल्ली, हिरवं दार." खोड दिवसभराच्या उन्हानं कोमट होतं.

२

सकाळी फज्रची नमाज उरकून त्यांनी पिशवी आणि सुरी घेतली. मुलगा मुज्तबा झोपलेला होता. सून बाळंतपणाला उदगीरला, माहेरी गेलेली. फरीदा स्वयंपाकघरात चहाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं काही विचारलं नाही. तिला रीत ठाऊक होती. नवरा तोंड मिटून निघाला की ती नेहमी गालात हसे. वर्षातून एक-दोनदाच घरात अशी शांतता मिळते, असं ती म्हणायची.

त्यांनी दाराची कडी काढली आणि मागं भांडं पडलं. मग माणूस पडल्याचा आवाज आला.

"फरीदा!" ते ओरडले.

पुढचं सगळं धावपळीत झालं. मुज्तबानं शेजारची गाडी आणली, नांदेड गाठलं, दवाखान्यात आत घेतलं. रसूलभाई दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. हातात पिशवी तशीच होती. सुरी बघून रखवालदारानं हटकलं तेव्हा त्यांना ती हातात असल्याचं कळलं. झाडाची आठवण त्या दिवशी एकदाही झाली नाही, आणि झाली असती तरी कुठला नवरा उठून साल काढायला गेला असता?

डॉक्टरांनी काळजाच्या नळीत जाळी बसवली. जाताना मुज्तबाला बाजूला घेऊन सांगितलं की काळीज फार थकलंय, जपा, पुढच्या हिवाळ्याची खात्री देत नाही. मुज्तबानं ते अब्बांना सांगितलं नाही. पण रसूलभाईंनी आयुष्यभर लोकांच्या नाड्या धरल्या होत्या. मुलाच्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळलं. रात्रीच्या जेवणाचा डबा त्यांनी न उघडता परत पाठवला.

परतताना गाडी सटवाजीच्या शिवारावरून आली. ओढ्याकाठचं झाड लांबून दिसलं, आणि रसूलभाई सीटवर पुढं सरकले.

"मुज्तबा, मी त्याला बोलावलं होतं रे."

"कोणाला?"

"अर्जुनाला. न्यायला गेलोच न्हाई."

मुज्तबानं आरशातून मागं बघितलं. अम्मी मान टाकून झोपली होती. "अब्बा, दुकानात पोतंभर साल पडलीय. तीच उकळून द्या. झाड काही रुसून बसणार न्हाई." रसूलभाईंनाही ते पटलं. निदान पटल्यासारखं त्यांनी केलं.

३

घर बंद होतं. कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि त्यांना मधाचा वास आला.

अगदी फिका. पौषाची थंडी, कोपऱ्यात बंद घराचा कुबट दर्प, आणि त्यात वैशाखातला वास. एखादी बरणी फुटली असेल म्हणून त्यांनी फडताळ उघडून बघितलं. बरण्या धड होत्या. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला एक पापुद्रा पडला होता, पातळ, आत वळलेला, एका अंगानं गुलाबी. त्यांनी तो उचलून बोटांत चुरला. ओला होता. दुकानातल्या पोत्यातून कपड्याला चिकटून आला असणार. पण पोत्यातली साल वर्षाची वाळलेली, तपकिरी. आणि झाड असला पापुद्रा टाकतं ते उन्हाळ्यात.

मधल्या खोलीत फरीदाची खाट होती. तिच्याखालची एक शहाबादी फरशी एका कडेनं उचलली गेली होती. घुशीनं उकरलं असेल, असं मुज्तबा म्हणाला आणि पायानं दाबून त्यानं ती बसवली. खाटेशेजारचा माठ, फरीदा पडली त्याच्या आदल्या रात्री, भरून ठेवलेला होता. आता तो कोरडा होता, तळाशी ओलसुद्धा नव्हती. माठ झिरपतो, थंडीत कमी झिरपतो, पण झिरपतो, असं रसूलभाईंनी स्वतःला समजावलं आणि तो पुन्हा भरला.

फरीदाला खाटेवर निजवलं. ती शिट्टीसारखा श्वास घेत होती, आचके देत होती. त्यांनी दूध-पाण्यात साल टाकली, उकळली आणि बशीत गार करून तिला पाजली. तोंड वाकडं करत ती म्हणाली, "अजी, आयुष्यभर लोकांना हेच पाजलं का तुम्ही? म्हणून दुकान चालंना." ते हसले. तिच्या उजव्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग होता, चंद्रकोरीएवढा. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला तेल उडालं होतं आणि नव्या नवऱ्यानं मोठ्या ऐटीत सालीचं चूर्ण मधात कालवून लावलं होतं. डाग काही गेला नाही. अत्ताराच्या घरात येऊन डाग मिळाला, असं ती चार पाहुण्यांत सांगायची. पाजून झाल्यावर ते त्या डागावर अंगठा ठेवून बसून राहिले. ती गेली तर या घरात आपण कुणाच्या आवाजावर उठायचं, हे त्यांना खरंच सुचेना.

सकाळी माठ पुन्हा कोरडा होता. खाटेखालची फरशी पुन्हा उचललेली होती.

४

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी त्यांना धाप ऐकू आली नाही.

डोळे उघडून ते पडून राहिले. घर गप्प होतं. उठून बघायची हिंमत होईना. शेवटी भिंतीला धरत मधल्या खोलीत गेले, तर खाट रिकामी. फरीदा अंगणात उभी होती, अनवाणी, पूर्वेकडं तोंड करून. कोवळं ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं. श्वास आत जाताना वाजत नव्हता आणि बाहेर येताना अडकत नव्हता.

"फरीदा?"

ती वळली. आधी मान वळली नाही. सगळं अंग सावकाश वळलं. "बरं हाय," ती म्हणाली.

त्या आठवड्यात घरात ईद असल्यासारखं झालं. फरीदा जिना चढली. पाण्याची बादली उचलली. मुज्तबा ज्याला त्याला अब्बांच्या काढ्याची कीर्ती सांगत सुटला. नांदेडला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मशीनवर पुन्हा तपासलं. "ठोका मंद आहे," ते म्हणाले, "पण दणकट. चाचा, काय दिलंत यांना?"

"अर्जुन," मुज्तबानं बापाच्या आधी उत्तर दिलं.

येताना गाडीत रसूलभाईंनी तिची नाडी धरली. बोटांखाली काही लागेना. ते वाट बघत राहिले. मग एक ठोका आला, खोल आणि सावकाश, जमिनीत मोगरी हाणावी तसा. पुढचा ठोका येईपर्यंत गाडीनं एक गाव मागं टाकलं. बोट जरा खाली सरकवलं, तर मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथं, दोन बारीक गाठी लागल्या. शेजारी शेजारी. त्यांनी हात सोडून दिला. सलाईनच्या सुयांनी आल्या असतील. त्या सुया मात्र दुसऱ्या हाताला होत्या.

५

ती जेवेनाशी झाली. भाकरी पुढं घेऊन बसे, नंतर ती भाकरी तशीच मिळे. पाणी मात्र पिई. माठ दिवसातून दोनदा भरावा लागे. दुपारभर ती अंगणात बसे आणि ऊन जसं सरके तसं तिचं तोंड सरके. घरातल्या घरात बारीक खडखड ऐकू येई, वाळकी लाकडी फळं एकमेकांवर आपटावीत तशी, आणि ती नेहमी फरीदा जिथं असेल त्या खोलीतून येई.

रसूलभाई दुकानात बसून स्वतःशी वाद घालत. माणूस मरणाच्या दारातून आला की बदलतो. औषधांनी भूक मरते. थंडीत कुणालाही उन्हात बसावंसं वाटतं. अंगाचे पापुद्रे निघतात, तेही थंडीनं. फरीदाच्या हाताचे पापुद्रे निघत होते, पातळ, आत वळणारे. खाली नवी कातडी गुलाबी, तुकतुकीत. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. पण बायको वाचली म्हणून जो आनंद व्हायला पाहिजे, तो त्यांना होत नव्हता, आणि याची त्यांना लाज वाटत होती.

एका दुपारी ते खोबरेल घेऊन तिच्याजवळ बसले. हाताला चोळता चोळता अंगठा नेहमीच्या जागी गेला. डाग नव्हता.

त्यांनी दुसरा हात बघितला, पुन्हा पहिला बघितला. चंद्रकोर होती तिथं कातडी भरून आली होती. आतला थर राखला की भरून येतं, हे ते आयुष्यभर लोकांना सांगत आले होते.

"तुझा डाग कुठं गेला गं?"

ती उन्हाकडं बघत होती.

"फरीदा, कसं वाटतंय तुला? खरं सांग."

"फरीदाचं काळीज बरं हाय," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. पण त्यात ना थट्टा होती ना तक्रार. सांगितलेलं काम झालं, एवढंच तिनं कळवलं. रसूलभाईंच्या हातातून तेलाची वाटी पडली. ती तिनं उचलली नाही, तिकडं बघितलंही नाही.

त्यांनी टोपी घातली, सवयीनं सालीची पिशवी घेतली, स्कुटी काढली आणि सटवाजीचं शेत गाठलं.

६

सटवाजी तुरीच्या कडेला उभा होता. ओढ्याकडं यायला तयार होईना.

"झाड वाळायलंय, चाचा," तो म्हणाला. "पान न्हाई राहिलं एक. पाणी खाली हाय, तरी वाळायलंय. आन् दुसरंच काहीतरी हाय. आमची लक्ष्मी गाय तिथं गवताला बी जाईना."

"काय हाय?"

सटवाजी घुटमळला. "धाप लागल्यागत वाजतंय. वारं असंल म्हणलं. पर वारं पडल्यावर बी वाजतंय. उद्या दिवस वर आला की आऱ्यावाले येत्यात. तोडून टाकतो बापा, नको असलं बांधावर."

रसूलभाई एकटेच उतरले. ओढ्यात घोटाभर पाणी होतं, आणि त्यात पाय रोवून अर्जुन निष्पर्ण उभा होता. मुळाशी त्यांनी ठेवलेली खडीसाखर मुंग्यांनी नेली होती, इलायची तशीच होती. ते जवळ गेले आणि त्यांना ऐकू आलं. शिट्टीसारखा आत जाणारा श्वास. बाहेर येताना शेवटी बारीक आचका.

वारा असेल. खोड पोकळ असेल. त्यांनी कान टेकवला. खोड गार होतं आणि आवाज आतून, त्यांच्या कानाच्या उंचीवरून येत होता.

"फरीदा," ते हळूच म्हणाले.

श्वास थांबला. कुणीतरी ऐकत असावं तसा. मग पुन्हा सुरू झाला, जोरजोरात, भराभर.

उगवतीकडच्या बाजूला छातीच्या उंचीवर साल सुटली होती, सुरी न लावता. रसूलभाईंनी नखानं तो पापुद्रा उचलला. आत मांसासारखी लाल साल असायला हवी होती. आत गव्हाळ कातडी होती. तिच्यावर चंद्रकोरीएवढा भाजल्याचा जुना डाग होता, आणि प्रत्येक श्वासाला तो वर-खाली होत होता.

त्यांनी पापुद्रा परत दाबून बसवला. बांधावरून सटवाजी ओरडला, "काढा ना साल! सुरी न्हाई का आणली? उद्या मिळायची न्हाई!" सुरी पिशवीत होती. त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

त्यांना एकच रीत येत होती. खिशात पोराबाळांसाठी ठेवलेली खडीसाखर होती, ती त्यांनी मुळाशी ठेवली. खोडावर दोन्ही तळवे टेकवले आणि रडत रडत म्हणाले, "फरीदा, घरी चल. सराफ्यामागची गल्ली, हिरवं दार. उद्या सकाळी न्यायला येतो. आता चुकणार न्हाई मी. कुणी हाक मारली तरी थांबणार न्हाई."

७

सकाळी त्यांनी फोन बंद केला, पिशवी आणि सुरी घेतली. मधल्या खोलीकडं बघितलं नाही. मुज्तबा न्हाणीच्या दारात उभा होता. "अब्बा, इतक्या पहाटे कुठं निघालाव?" त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले.

कडी काढली आणि मागं स्वयंपाकघरात भांडं पडलं.

हात कडीवरच राहिला. तेच भांडं होतं, चहाचं. आवाजावरून कळत होतं.

"अजी," आतून हाक आली.

आणि तिच्या मागून श्वास. शिट्टीसारखा आत जाणारा, बाहेर येताना आचका देणारा. महिनाभर ज्या आवाजासाठी ते घरभर कान लावून फिरले होते, तो आवाज.

रसूलभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हे सोंग आहे, ते स्वतःला म्हणाले. त्या पाहुण्याला कळलंय मी कशाला निघालो. त्या दिवशी याच आवाजाला मी वळलो आणि हे सगळं झालं. फरीदा तिकडं ओढ्यावर उभी आहे, गारठलेली, आणि दिवस वर आला की आऱ्यावाले येतील.

"अजी, ऐका ना. इकडं बघा तरी."

त्यांनी दार ओढून घेतलं आणि गल्लीतून भराभर चालत स्कुटीपाशी गेले. मागं बघितलं नाही.

८

झाड गप्प होतं. कान टेकवला, काही नाही. नुसतं लाकूड. फांद्यांच्या टोकांना कोंब फुटले होते, तांबूस, काल नव्हते ते. खोड कोमट होतं. ती तयार होऊन थांबली आहे, असं त्यांना वाटलं आणि मन एकदम हलकं झालं. उगवतीकडची साल घट्ट बसलेली होती. त्यांनी बिस्मिल्ला मनातल्या मनात म्हटलं आणि तळहाताएवढी साल अलगद सोडवली. आतून ती लाल निघाली, नेहमीसारखी. आतला थर राखला. साल पिशवीत घातली, पिशवी छातीशी धरली.

"चल फरीदा," दिवसातलं पहिलं वाक्य ते बोलले.

रस्ताभर ते तिच्याशी बोलत आले. चहाचं नवं भांडं आणू, म्हणाले. मुज्तबाच्या बाळाला बघायला उदगीरला जाऊ, म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. त्यांना बघून ती बाजूला झाली, आणि हिरवं दार सताड उघडं दिसलं. मुज्तबा उंबऱ्यात बसला होता. बापाला बघून उठला नाही.

"फोन कशाला बंद ठेवला तुम्ही?" तो म्हणाला. "अम्मी हाका मारून राहिली होती. तुम्ही वळून बी बघितलं न्हाई. मी पळत आलो, तर खाली पडलेली. पुन्हा तसलीच धाप."

"काय म्हणाली?"

मुज्तबानं ओठ चावला. "काहीबाही बोलली. म्हणली, मी किती लांबून चालत आले, आन् यांनी बघितलं बी न्हाई."

रसूलभाई आत गेले. तिला मधल्या खोलीत खाटेवर ठेवलं होतं, अंगावर चादर टाकून. चादरीच्या बाहेर पाय होते. तळव्यांना ओढ्याची काळी माती लागलेली होती, घोट्यापर्यंत, अजून ओली. शेजारच्या बाया त्याबद्दलच कुजबुजत होत्या की आजारी बाई पहाटे कुठं गेली असेल.

त्यांनी चादरीखालून उजवा हात बाहेर घेतला. मनगट साफ होतं, गाठी नव्हत्या. मनगटाच्या वर चंद्रकोरीएवढा डाग होता. त्यांनी अंगठा त्यावर ठेवला. हात अजून गरम होता.

त्यांनी बोलावलं होतं. पत्ता सांगितला होता. ती न्यायला येण्याची वाट बघत थांबली नाही, एवढंच. थकलेलं काळीज घेऊन, अंधारात, शिवारातून आपल्या पायांनी ती आली, नवऱ्यासाठी चहाचं भांडं हातात घेतलं, आणि नवरा तिच्या पुढ्यातून तोंड मिटून निघून गेला. फरशी जागच्या जागी बसलेली होती. माठ काठोकाठ भरलेला होता.

ते तिथंच खाली बसले. कुणीतरी म्हणालं, रडू द्या त्यांना. पण त्यांना रडू आलं नाही.

बऱ्याच वेळानं मुज्तबा आत आला. रडून त्याचा चेहरा सुजला होता. भिंतीला टेकून तो छाती चोळत उभा राहिला. "पाणी द्या कुणीतरी," तो म्हणाला, "छातीत कसंतरीच होतंय." त्याचा श्वास आत जाताना बारीक वाजला. सकाळपासूनचं रडणं, पोटात काही नाही, त्यानं होत असेल. एका बाईनं माठातून पेला भरून त्याच्या हातात दिला. मग तिनं रसूलभाईंच्या मांडीवरची पिशवी उचलली.

"ताजी साल दिसती, चाचा," ती म्हणाली. "मुज्तबासाठी उकळू का दुधात?"

पिशवीतून मधाचा वास येत होता. फरीदा तर आपल्या पायांनी आली होती; या खेपेला रसूलभाईंनी रीतीनं, साल पिशवीत पडेपर्यंत कुणाशी एक शब्द न बोलता, घरी आणलं होतं ते त्या पाहुण्यालाच. त्यांनी पिशवीकडं हात केला, तोवर ती बाई पिशवी घेऊन स्वयंपाकघराकडं गेली.